विचिटात ‘नको’ फार महाग

विचिटा, कॅन्सस
ऑगस्टमधला रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय आर्डिसताई,

तुझ्या धाकट्या भावाचा, म्हणजे व्हर्लिनचा, भर उन्हातून नमस्कार. मी बरा आहे. (आपल्या डुलुथमध्ये ‘बरा’ म्हणजे उत्तम, हे तुला सांगायला नको. इथल्या लोकांना ‘बरा आहे’ म्हटलं की ते लगेच डॉक्टरचं नाव सुचवतात.) तुझा नवीन गुडघा कसा आहे? जिना चढायला लागलीस का? लागली असशील तर उगाच वरच्या मजल्यावर खेटे घालू नकोस, तिथं रिकाम्या खोलीशिवाय आहे काय? तळघरातला हीटर ब्रेंटने बघितला का? तुझा हा मुलगा ‘बघतो’ म्हणाला की मला धास्तीच वाटते, कारण तो खरंच नुसता बघतो. चर्चमधल्या सगळ्यांना माझी आठवण सांग, आणि कुणी विचारलं तर सांग की व्हर्लिन मजेत आहे. कुणी नाही विचारलं तरी सांग.

तुझं कार्ड मिळालं. वरची खोली सप्टेंबरपासून त्या नर्सिंग शिकणाऱ्या मुलीला द्यायचं तुझ्या मनात आहे, वाचून आनंद झाला. दे. अवश्य दे. जूनमध्ये तू मला फोनवर म्हणालीस, ‘वरची खोली मोकळीच आहे, इकडेच येऊन राहा ना,’ मी म्हटलं, ‘छे गं, नको, तुला कशाला त्रास,’ आणि तेवढ्यात तुझ्या दारात प्लंबर आला म्हणून तू ‘बरं मग’ म्हणून फोन ठेवून दिलास. प्लंबर आला म्हटल्यावर माणूस काय करणार! एव्हाना तो गेला असेलच म्हणा. त्या संध्याकाळी मी फोनपाशीच बसून होतो, पण ते या नव्या फोनची बॅटरी किती टिकते ते बघायला. चांगली टिकते. दुसऱ्या दिवशीही बघितलं, तेव्हाही चांगलीच टिकली. असो. खोली त्या मुलीला दिलीस तर तुला सोबत होईल, दोन पैसे मिळतील, आणि मला इथे इतकं स्वस्त पडतं की इथून हलायचा विचारसुद्धा कुणी शहाणा माणूस करणार नाही. ब्रेंटने कार्डाच्या कोपऱ्यात लिहिलंय की ‘मामा, विचिटा खरंच स्वस्त आहे का ते सविस्तर कळव.’ तर सविस्तर कळवतो.

दोन वर्षांपूर्वी त्याच कार्ट्याने मला कॉम्प्युटरवर दोन्ही शहरं शेजारी-शेजारी मांडून दाखवली होती, डावीकडे डुलुथ, उजवीकडे विचिटा, आणि उजवीकडचे सगळे आकडे हिरवेगार. माझी लव्हॉन गेल्यापासून टेकडीवरचं ते घर मला खायला उठायचं, त्यात बर्फ उपसून कंबर धरलेली, म्हणून मी भाच्याचं ऐकलं. आणि सांगतो, त्याचं एक अक्षर खोटं निघालं नाही. मला इथे घराला जेवढे पैसे पडले, तेवढ्यात आपल्या टेकडीवर फार तर एक गॅरेज आलं असतं, आणि तेही गळकं. इथे दोन बेडरूम आहेत, पुढे-मागे अंगण आहे, आणि जमीन इतकी सपाट की गाडी हँडब्रेक न लावता उभी केली तरी संध्याकाळी तिथेच सापडते. आपल्याकडे मी आयुष्यभर गाडीच्या चाकाखाली दगड लावत आलो. परवा सवयीने इथेही लावला, तर समोरचे गृहस्थ विचारायला आले की गाडी बिघडली का.

बर्फाचा खर्च तर संपलाच. हिवाळ्याचे वेगळे टायर नकोत, पहाटे गाडीचं इंजिन विजेवर तापवायला नको, फावडं नको, मीठ नको, मिठाने गाडीचा पत्रा खाल्ला म्हणून दर चार-पाच वर्षांनी नवी गाडी नको. आता उन्हाळ्यात एसी लावावा लागतो आणि वीज कंपनीचं बिल आलं की मी आधी चष्मा पुसून घेतो, हे खरं. घराच्या विम्यालाही बरेच पडतात, कारण इथे गारा पडतात, आणि त्या गारांना गारा म्हणणं म्हणजे आपल्या लेकला, त्या समुद्राएवढ्या सरोवराला, डबकं म्हणणं. पण सगळं धरूनही विचिटा स्वस्त. मांस स्वस्त, पेट्रोल स्वस्त, केस कापणं स्वस्त (न्हावी बोलतो फार, पण त्याचे वेगळे लावत नाही). खायचं म्हणशील तर इथे चिली, म्हणजे खिमा-राजम्याचं ते तिखट कालवण, दालचिनीच्या गोड रोलबरोबर खातात. आधी मला वाटलं वाढणाऱ्याचं काहीतरी चुकलं, म्हणून मी रोल हळूच बाजूला ठेवला. मग शेजारच्या टेबलावरच्या माणसाने आपला रोल चिलीत बुडवून डोळे मिटलेले बघितले आणि मीही बुडवला. ताई, वाईट नाही. (तू मला ओळखतेस. लव्हॉनने लग्नाला हो म्हटलं तेव्हाही मी एवढंच म्हणालो होतो.)

आणि माणसं! मला त्यांचं खरंच कौतुक वाटतं. आपल्याकडे चर्चच्या जेवणात ताटात शेवटची वडी उरली की ती कुणी घेत नाही. एक जण तिची अर्धी कापतो, दुसरा त्या अर्ध्याची अर्धी, आणि शेवटी मुंगीलाही पुरणार नाही एवढा तुकडा ताटात ठेवून सगळे हात पुसतात. इथे शेवटची वडी दिसली की माणूस म्हणतो, ‘कुणी घेणार नसेल तर मी घेतो,’ आणि घेतो! तोंडात टाकतो! आकाश कोसळत नाही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, दुसऱ्यांदा हेवा वाटला. निरोप घेणंही तसंच. आपल्याकडे ‘बरं, निघतो’ म्हटल्यावर खुर्चीपाशी, मग दारात, मग पायरीवर, मग गाडीच्या खिडकीशी असा तासभर निरोप चालतो आणि तेवढा वेळ गाडी सुरू ठेवून पेट्रोल जाळतो. इथे ‘येतो’ म्हणतात आणि जातात. पेट्रोल वाचतं. फक्त संध्याकाळ पुष्कळ उरते, तिचं काय करायचं ते मला अजून जमलेलं नाही.

पण ब्रेंटच्या कॉम्प्युटरमध्ये एक गोष्ट नव्हती, ती मला इथे येऊन कळली, आणि चांगलेच चटके खाऊन कळली. विचिटात ‘नको’ फार महाग आहे. आपल्याकडे ‘नको’ फुकट असतं. कॉफी घेणार का, नको. अहो घ्या की थोडी, नको नको, आत्ताच झाली. अर्धा कप तरी, बरं, एवढं म्हणता तर. ही आपली रीत. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस हावरट आणि दोनदाच विचारणारा यजमान चिक्कू, हे आपल्याला आईने दात यायच्या आधी शिकवलं. इथे ते कुणालाच माहीत नाही. माझ्या शेजारी ट्वायला उनरूह नावाच्या बाई राहतात. सत्तरी ओलांडलेल्या, विमानाच्या कारखान्यात जन्मभर रिव्हेट ठोकलेल्या, हात अजून पकडीसारखे आणि आवाज कारखान्यातल्या भोंग्याच्या वरचा. मी राहायला आलो त्या दिवशी त्या कोबी आणि खिमा भरलेले गरम पाव घेऊन आल्या. या पावांना इथे बीरॉक म्हणतात, त्यांचा वास रस्त्यापर्यंत आला होता, आणि मी सकाळपासून उपाशी होतो.

‘बीरॉक घेणार का?’ बाई म्हणाल्या.

‘छे छे, नको, तुम्हाला कशाला उगाच,’ मी म्हणालो.

‘बरं,’ बाई म्हणाल्या, आणि ताट घेऊन घरी गेल्या!

मी दारात तसाच उभा. मला वाटलं, ताट टेबलावर ठेवून दुसऱ्यांदा विचारायला येतील. पंधरा मिनिटं वाट बघितली, दार उघडं ठेवलं, थोडा खोकलोसुद्धा. मग खोक्यातून बिस्किटं काढून खाल्ली. मला वाटलं बाईंना घाई असेल. पण नंतर पाय (खायचा गोड पाय, चालायचा नव्हे) म्हणू नको, टोमॅटो म्हणू नको, दाताच्या डॉक्टरकडे गाडीतून सोडणं म्हणू नको, प्रत्येक वेळी तेच. एक ‘नको’ आणि वस्तू परत! अक्रोडासारख्या पेकनचा पाय तर डोळ्यांदेखत समोरच्या गृहस्थांकडे गेला आणि त्यांनी तो दारातच, उभ्या-उभ्या, माझ्याकडे बघत खाल्ला. सहा महिन्यांत मी नुसत्या ‘नको’वर एवढं गमावलं की तेवढ्या पैशात डुलुथमध्ये हिवाळाभर हीटर चालला असता. हा खर्च कुठल्या रकान्यात धरायचा ते ब्रेंटला विचार.

याचा कळस झाला मे महिन्यात. माझं घर स्वस्त का मिळालं याचं कारण मला तेव्हा कळलं: त्याला तळघर नाही, आणि इथे टोर्नेडोची वावटळ आली की जीव वाचवायला तळघरच लागतं. इथे वावटळीचा भोंगा दर सोमवारी दुपारी नुसता चाचणीसाठी वाजतो, म्हणून तो वाजला तेव्हा मी निवांत कपडे वाळत घालत होतो. मग लक्षात आलं की आज गुरुवार आहे. वर बघितलं तर आभाळ हिरवं. खरंच हिरवं, ताई, ब्रेंटच्या त्या आकड्यांसारखं. ट्वायलाबाई त्यांच्या मागच्या दारातून ओरडल्या, ‘व्हर्लिन! आमच्या तळघरात येताय का?’

आता तूच सांग, मी काय म्हणणार? माझ्या तोंडातून आपोआप निघालं, ‘नको नको, तुम्हाला कशाला त्रास!’

‘बरं!’ बाई ओरडल्या, आणि दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज मला ऐकू आला.

मी हातात ओला पायजमा घेऊन अंगणात उभा. बाई दुसऱ्यांदा विचारतील म्हणून मी थांबलो. खरंच थांबलो! समोरून कुणाचा तरी कचऱ्याचा डबा रस्त्याने एकटाच चालला होता, झाडं आडवी होत होती, आणि मी त्या बंद दाराकडे बघत मनात म्हणत होतो, एकदा तरी विचारा बाई, निदान ‘अहो, या की’ तरी म्हणा. दार ठोठावायचा विचार मनात आला नाही असं नाही, पण न विचारता दार ठोठावणं म्हणजे मागणं, आणि आपल्या घराण्यात आजवर कुणी मागितलेलं नाही. मग पहिली गार डोक्यात बसली. मी आत पळालो, बाथटबमध्ये आडवा झालो, अंगावर गादी ओढली, आणि डोक्यावर पास्ता निथळायची ती भोकाची चाळणी घातली, कारण हाताशी तेवढीच होती. तिथे पडून मी काय विचार केला असेल? देवाचा नाही. लव्हॉनचा थोडा. पण जास्त करून हा, की मी डुलुथमध्ये असतो आणि दार लावून घेणारी तू असतीस, तर तू तीनदा हाक मारून, तरी नाही आलो तर माझा कान धरून मला आत नेलं असतंस.

वावटळ गावाबाहेरूनच गेली. माझ्या गाडीची काच गेली, पायजमा गेला, मी राहिलो. ट्वायलाबाई बाहेर आल्या, माझ्या डोक्यावरची चाळणी बघितली आणि विचारलं, ‘घरात एकटे बसून काय करत होतात?’ मी म्हटलं, ‘तुम्ही परत विचारायची वाट बघत होतो.’ मग पायरीवर बसून मी त्यांना आपली तीनदा विचारायची सगळी रीत समजावून सांगितली. बाई इतक्या हसल्या की समोरचे गृहस्थ काय झालं ते बघायला बाहेर आले, आणि त्यांनाही त्यांनी सगळं सांगितलं. मग एकदम म्हणाल्या, ‘म्हणजे पहिल्या दिवशी तुम्हाला बीरॉक हवे होते?’ मी म्हटलं, ‘फार.’ बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग त्या माझ्यावर जाम चिडल्या. ‘अहो, मनात हो आहे तर तोंडाने हो म्हणायला काय झालं? मेला असतात ना आज!’

तेव्हापासून बाई माझ्यासाठी आपली रीत पाळतात, पण त्यांच्या पद्धतीने. दार उघडलं की दम न घेता म्हणतात, ‘पाय घेणार? घेणार? घेणार? घ्या.’ मला मध्ये नको म्हणायला जागाच ठेवत नाहीत. आणि गेल्या महिन्यात त्यांनी काय केलं माहीत आहे? त्यांच्या तळघराच्या दाराची किल्ली करून आणली. ‘आता विचारायचीही भानगड नको आणि नको म्हणायचीही,’ म्हणाल्या. मी ‘न’ काढेपर्यंत ती माझ्या शर्टाच्या खिशात घातली आणि आपल्या कामाला गेल्या. मला लव्हॉन गेल्यानंतर एवढं मोठं कुणी काही दिलं नव्हतं. या बाई म्हणजे सोनं आहेत, आणि त्यांना हे कळावं म्हणून मी त्यांना मोठ्याने सांगितलं की ‘तुम्ही वाईट नाही.’ त्यांना मी आता समजतो, म्हणून त्या लाजल्या.

तर ब्रेंटला सांग, सगळं बघता विचिटाच स्वस्त. माणसं लाखमोलाची, पोटाला कमी नाही, आणि जे हवं ते हो म्हटलं की मिळतं. मी आता दर आठवड्याला एखादं ‘हो’ म्हणतो. न्हाव्याला म्हटलं, पोस्टमनला म्हटलं. जमतं. पण ताई, हो म्हणून मिळालेला पाय आणि आग्रहाने वाढलेला पाय यांची चव एक नसते, आणि कुणी आग्रह केला नाही की माणसाला आपण परक्या घरात जेवतोय असं वाटतं. मला कुणीतरी आग्रह करावा असं फार वाटतं. हे मी उन्हामुळे लिहितोय. संध्याकाळी गार झालं की वाटणार नाही. गार इथे होत नाही, ही वेगळी गोष्ट.

गुडघ्याला शेक देत जा आणि ब्रेंटला जिन्यावरचा दिवा बदलायला सांग. लेकवर धुकं असेल तेव्हा जहाजाचा भोंगा ऐकलास तर माझ्या नावाने एक कप कॉफी घे.

तुझा,
व्हर्लिन

ता. क. खोलीचं मी वर लिहिलंच आहे, तरी गैरसमज नको म्हणून पुन्हा लिहितो. तुझ्या आमंत्रणाबद्दल आभार, पण नको गं, तुला कशाला त्रास. मी इथे अगदी ठीक आहे. (हे माझं दुसरं ‘नको’. पहिलं प्लंबरच्या वेळचं.)

ता. ता. क. उगाच आपलं विचारतो, वरच्या खोलीची लेककडची खिडकी अजून उघडते का? आणि कपाटात पुरुषाचे कोट मावतात का? कुतूहल म्हणून. हे घर घ्यायला समोरच्या गृहस्थांची मुलगी तयार आहे. तिला तळघराची किल्लीही लागेल, ते ट्वायलाबाईंशी बोलून झालंय. त्या रडल्या, मग ओरडल्या, मग म्हणाल्या की बहिणीला सरळ लिहा. मी म्हटलं, सरळच लिहिलंय. त्यांनी पत्र वाचलं आणि कपाळावर हात मारला.

ता. ता. ता. क. येत्या रविवारी चर्च सुटल्यावर मी फोनपाशी असेन. तू आपणहून करावास असं मी म्हणत नाही. पण केलास तर प्लंबर येणार नाही असा दिवस बघ, आणि मी काही म्हणालो तरी लगेच ‘बरं मग’ म्हणू नकोस.

आणि ती नर्सिंगची मुलगी. तिला खोली घेतेस का म्हणून विचारशील तेव्हा ती ‘नको’ म्हणाली, तर बाई गं, तिला परत विचारू नकोस.